आधी प्रश्न, मग नाव

आमच्या टोस्टमास्टर्स क्लबमध्ये, म्हणजे लोकांपुढे बोलायला शिकायच्या क्लबमध्ये, टेबल टॉपिक मास्टरचा, म्हणजे आयत्या वेळचे प्रश्न विचारणाऱ्याचा, रोल नेहमी मागे उरतो. व्हीपी एज्युकेशन, म्हणजे सभांची आखणी बघणारे पदाधिकारी, वॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या सभेची यादी टाकतात आणि ज्याने त्याने आपलं नाव भरायचं असतं. तयार भाषणांच्या जागा तासाभरात जातात. मग टायमर जातो, कारण त्यात तोंड कमी उघडावं लागतं. ‘अं-अं’ मोजणारा अ-काउंटर, भाषेकडे लक्ष ठेवणारा ग्रामेरियन हेही जातात. टेबल टॉपिक मास्टरची जागा शुक्रवारपर्यंत रिकामीच असते, आणि शेवटी कुणाला तरी फोन जातो, ‘ताई, तुम्ही घेऊन घ्या ना, सोपाच रोल आहे, पाच-सहा प्रश्न तर विचारायचे.’

इतका सोपा रोल कुणीच का घेत नाही, हे कुणी विचारत नाही. या वेळी मी तो यादी पडल्या पडल्या घेतला. सभा पोळ्याच्या आधीच्या रविवारी होती, आणि त्या दिवशीचे टोस्टमास्टर ऑफ द डे, म्हणजे सभेचे सूत्रधार, आमचे वकील साहेब होते. त्यांनी सभेचा विषय ठेवला होता ‘पोळा आणि मारबत’. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा. नागपुरात राहून हा विषय दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होईना.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे वायएमसीएच्या तळघरात लोकांना बोलायला शिकवणाऱ्या क्लबची सभा भरवली. तिथून टोस्टमास्टर्स सुरू झालं, आणि आता ते जगभर पसरलं आहे. आमच्या सभेचा साचा तोच आहे, फक्त आम्ही मराठीत बोलतो. आधी पाच ते सात मिनिटांची तयार भाषणं, मग टेबल टॉपिक्स, मग मूल्यमापन. टेबल टॉपिक्स म्हणजे आयत्या वेळचा विषय. मास्टरने प्रश्न विचारायचा, एकाला बोलवायचं, त्याने एक ते दोन मिनिटं बोलायचं. एक मिनिट झालं की टायमर हिरवं कार्ड दाखवतो, दीड मिनिटाला पिवळं, दोनला लाल. लाल दिसल्यावर तीस सेकंदांची सवलत असते. एक मिनिटाच्या आत बसलात किंवा अडीच मिनिटांच्या पुढे गेलात, तर ‘बेस्ट टेबल टॉपिक’च्या मतदानात तुमचं नाव धरत नाहीत. शेवटचा हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्यावरून वाद आहे.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. लंच टाइमला डायरीच्या मागच्या पानांवर प्रश्न लिहायला घेतले आणि जे सुचेल ते लिहीत गेले. मग काट मारायला बसले. सगळ्यात आधी ‘परंपरा की प्रदर्शन’ या जातीचे प्रश्न गेले. ‘मोबाइल शाप की वरदान’चे हे सख्खे चुलतभाऊ. शाळेत यावर इतके निबंध लिहिले आहेत, की समोरच्याच्या तोंडून निबंधच बाहेर पडतो: आधी फायदे, मग तोटे, शेवटी ‘योग्य वापर केल्यास’. मग म्हणी गेल्या. टेबल टॉपिक्सला म्हणी देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. ‘अति तेथे माती’ यावर दोन मिनिटं बोला. माणूस म्हणीचा अर्थ सांगतो, म्हणजे पंधरा सेकंद संपतात, आणि उरलेला वेळ तोच अर्थ फिरवून फिरवून सांगतो. म्हणीत सगळं आधीच सांगून झालेलं असतं, बोलणाऱ्याने काय करायचं?

राजकारण काढलं. आमच्या सभेत एकदा कुणीतरी वेगळ्या विदर्भावर प्रश्न विचारला होता. ज्याला विचारला तो दोन मिनिटांत बसला, पण बाकीचे चहा संपेपर्यंत उभे होते. आणि घरातल्या दुःखाच्या जवळ जाणारे प्रश्नही काढले. ‘वडिलांनी दिलेली शिकवण’ हा प्रश्न कागदावर निरागस दिसतो. पण समोर बसलेल्यांपैकी कुणाचे वडील गेल्या महिन्यात गेले, कुणाचे घर सोडून गेले, हे प्रश्न काढणाऱ्याला माहीत नसतं. दोन मिनिटांत माणूस तिथून परत येऊ शकत नाही, आणि सगळ्यांसमोर उभा असल्यामुळे बसूही शकत नाही.

काट मारून जे उरलं ते वाचलं, तर एक निराळीच गोष्ट दिसली. माझा मारबतीचा प्रश्न असा होता: ‘मारबतीच्या परंपरेतून समाजातील कोणत्या अनिष्ट प्रवृत्तीचे दहन व्हावे असे आपणास वाटते?’ वाक्य शुद्ध होतं, छापायलाही चाललं असतं. पण या प्रश्नाला येणारं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं. ‘सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या रसिक श्रोत्यांनो, आज समाजात भ्रष्टाचाररूपी राक्षस...’

क्लबमध्ये येणारे निम्मे लोक चार मित्रांत बसले की त्यांना आवरावं लागतं. तेच लोक पुढे उभे राहिले की गप्प होतात, आणि विषय अवघड असतो म्हणून नव्हे. उभं राहिलं की दुसरी भाषा बोलायची असते, अशी त्यांची समजूत असते. आमच्या वरच्या पिढीने राम शेवाळकरांना डोळ्यांसमोर ऐकलं आहे. ती संस्कृतप्रचुर, घडीव वाक्यं त्यांच्या तोंडी शोभायची, पण ऐकणाऱ्यांच्या मनात वक्तृत्व म्हणजे हेच, असं पक्कं बसलं. त्यानंतरच्यांनी वक्तृत्व स्पर्धांत दुसऱ्याने लिहून दिलेली भाषणं पाठ केली. आयत्या वेळी बोलायला उभं केलं की डोकं दोन कामं एकदम करतं: काय बोलायचं ते शोधतं, आणि ते त्या भाषेत बदलून घेतं. दुसऱ्या कामातच दम निघतो. आणि कुठल्या भाषेत बोलायचं हे प्रश्नच ठरवून टाकतो. प्रश्नात ‘अनिष्ट प्रवृत्ती’ असली, तर उत्तरात ‘काऊन बे’ कसं येणार?

म्हणून तोच प्रश्न पुन्हा लिहिला (बडग्या म्हणजे मारबतीसोबत मिरवतात तो, लोकांना छळणाऱ्या गोष्टीचा पुतळा): ‘यंदा तुम्हाला एक बडग्या करायचा आहे. कशाचा करता, अन् मिरवणुकीत त्याच्या नावानं काय ओरडता?’

बाकीचे प्रश्नही याच रीतीने मोडून पुन्हा बांधले. ‘मत काय’, ‘विचार काय’, ‘महत्त्व काय’ हे शब्द काढून टाकले. प्रत्येक प्रश्नात बोलणाऱ्याला कुठेतरी उभं करायचं आणि हातात एखादी वस्तू द्यायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून त्यांना बोलावतात. त्यावरून हा प्रश्न झाला: ‘वर्षभर तुमच्याकडे राबलेली एक वस्तू निवडा. तिला आवतण द्या, अन् तिच्या ताटात काय वाढता ते सांगा.’ तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यावरून आणखी एक: ‘लाकडी बैल घेऊन एक पोट्टं बोजारा मागायला तुमच्या दारात उभं आहे. तुमच्याजवळ सुटे नाहीत. ते म्हणते, काका, माझ्याजवळ स्कॅनर आहे. आता तुम्ही बोला.’

प्रश्न डोळ्यांनी वाचून तपासता येत नाहीत, ते कुणाला तरी विचारावे लागतात. माझी एक सहकारी कोल्हापूरची आहे. आम्ही दोघी संध्याकाळी लोकमान्य नगरहून मेट्रोत बसतो. सुभाष नगर येईपर्यंत जागा आणि निवांतपणा दोन्ही मिळतात. मी तिला एकेक प्रश्न विचारत गेले. नियम एवढाच ठेवला, की तिने ‘म्हणजे?’ म्हटलं की तो प्रश्न बाद. बडग्याला तिने लगेच ‘म्हणजे?’ म्हटलं. त्यांच्याकडे बेंदूर असतो, तोही आषाढात. मारबत तिने कधी पाहिलीच नव्हती. आमच्या क्लबमध्येही बदलीवर आलेले दोघे-तिघे आहेत, आणि नागपूरकर असून मिरवणुकीच्या गर्दीत कधी न गेलेले तर भरपूर. मग ठरवलं, की माहिती मी सुरुवातीला एकदाच सगळ्यांना देऊन टाकायची. प्रश्न हा परीक्षेचा पेपर होता कामा नये. आणखी एक गोष्ट मेट्रोतच कळली. प्रश्नाला दोन शेपट्या असल्या की लोक शेवटच्या शेपटीलाच धरतात. ‘का आणि कसं आणि तुम्ही काय कराल’ विचारलं तर ती फक्त ‘काय कराल’वर बोलायची. बडग्याच्या प्रश्नाला दोन तुकडे आहेत, पण दुसरा पहिल्यातूनच निघतो, म्हणून तो तसाच ठेवला.

आता सभेतल्या कारभाराविषयी. हा भाग कुणी शिकवत नाही. वीस मिनिटं हातात असतात. दोन मिनिटांचं भाषण, मधल्या टाळ्या, उठून येणं, पुढचा प्रश्न हे सगळं धरलं तर सहा जण होतात, रेटून सात. ज्यांच्याकडे त्या दिवशी कुठलाच रोल नाही त्यांना आधी बोलवायचं असतं. भाषण देणाऱ्याला पुन्हा उठवण्यात अर्थ नाही, त्याचे पाय अजून थरथरत असतात. मी दारातच, सभेची मांडामांड आणि स्वागत बघणाऱ्या सार्जंट ॲट आर्म्सच्या शेजारी उभी राहून आलेल्यांची यादी करत होते. नागपुरात हे काम सभा सुरू होईपर्यंत पुरं होत नाही. ‘निघालो’ म्हणणारा अजून आंघोळीला जायचा असतो, आणि ‘पोहोचूनच राहिलो’ म्हणणारा प्रताप नगरच्या चौकात पोहे खात असतो. म्हणून माझ्या यादीत प्रत्येक जागेला एक नाव आणि एक बदली नाव.

पाहुण्यांना विचारल्याशिवाय बोलवायचं नाही. त्या दिवशी दोन पाहुण्या होत्या, वर्ध्याहून शिकायला आलेल्या मैत्रिणी. एक म्हणाली ‘चालेल’, दुसरी म्हणाली ‘मले नका हो बोलावू, मी फक्त पाहायले आली.’ तिला सांगितलं, अजिबात बोलावणार नाही. हा शब्द पाळायचाच असतो. आयत्या वेळी ‘चला, टाळ्या वाजवूया, त्या नक्की येतील’ करून कुणाला ओढून आणलेलं मी पाहिलं आहे. ते पाहुणे परत कधी दिसले नाहीत.

क्रमही ठरलेला होता. पहिला माणूस मुरलेला हवा, कारण पहिल्याचं ऐकून बाकीचे आपली उंची ठरवतात. मुरलेला म्हणजे भारी बोलणारा असा अर्थ नाही. भारी वक्त्याला पहिला पाठवला तर नवख्यांच्या पोटात गोळा येतो. सहज बोलणारा हवा. पाहुणी तिसरी-चौथी, म्हणजे तिला नियम पाहायला मिळतात आणि फार वाट पाहून घाम फुटत नाही.

माझं स्वतःचं बोलणं मी दीड मिनिटात बसवलं होतं. टेबल टॉपिक मास्टरला माइक मिळाला की तो विषयावर व्याख्यान देतो, हा या रोलचा जुना रोग आहे. मी नियम सांगितले, आणि नवीन लोकांसाठी मारबतीची माहिती दिली: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, सोबत त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे असतात ते बडग्ये, आणि सगळे ओरडतात ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.’ आणखी एक वाक्य टाकलं झडत्यांविषयी, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या यमकाच्या ओळींविषयी. आपल्या गावांमध्ये पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात तेव्हा कुणीही पुढे होऊन झडती म्हणतो. काही पाठ असतात, काही सरपंचाकडे बघून जागेवर जुळवलेल्या, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव.’ टायमर नाही, कार्ड नाही, पण टेबल टॉपिकच की ते. माझे आजोबा झडती म्हणायचे आणि त्यांची सही अंगठ्याची होती.

मग पहिला प्रश्न. इथला नियम मला सगळ्यात आवडतो: आधी प्रश्न, मग थोडं थांबायचं, मग नाव. नाव आधी घेतलं तर ज्याचं नाव नाही ते सगळे सैल होऊन मोबाइल काढतात, आणि ज्याचं नाव आहे त्याला छातीच्या धडधडीमुळे प्रश्न ऐकू येत नाही. नाव नंतर घेतलं तर तेवढ्या वेळात सगळी खोली उत्तर शोधत असते. पुढून ते दिसतंसुद्धा. कुणी छताकडे बघतं, कुणी ओठ हलवतं, कुणी माझी नजर चुकवून पाण्याची बाटली उघडतं. स्पर्धेत पद्धत वेगळी असते, हे सांगून ठेवते. तिथे सगळ्या स्पर्धकांना एकच प्रश्न असतो, बाकीच्यांना बाहेर बसवून एकेकाला आत बोलवतात, आणि आधी नाव, मग प्रश्न दोनदा, मग पुन्हा नाव असं म्हणतात. तिथे तुलना करायची असते, म्हणून ते ठीक आहे. क्लबच्या सभेत खोली जागी ठेवायची असते.

आवतणाचा प्रश्न मी पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना दिला. काका नेहमी ‘उपस्थित मान्यवर’ने सुरू करतात आणि चाळीस सेकंद मान्यवरांतच जातात. प्रश्न संपला, मी दोन श्वास थांबले, त्यांचं नाव घेतलं. ते सावकाश आले, हात मिळवला. मी बाजूच्या खुर्चीवर बसले. त्यांनी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले, खाली बघितलं आणि म्हणाले, ‘मी आमच्या कूलरले आवतण देतो.’

खोली हसली. काका हसले नाहीत.

‘मार्चात काढला त्याले. नवी ताटी बसवली, पाणी भरलं. तवापासून जून संपेपर्यंत दिवस नाही का रात्र नाही, तो चालून राहिला. पंचेचाळीसच्या वर गेलं ऊन, नवतपा आला, लाइट गेली अन् आली, तो पुन्हा सुरू. त्याचा आवाज येते म्हणून पोरगा म्हणे एसी लावू. मी म्हटलं, आवाज येते म्हणजे काम करून राहिला. मी बी पोस्टात आवाज करतच होतो.’ इथे ते थोडे थांबले. हिरवं कार्ड वर झालं होतं. ‘पाऊस पडला अन् आपण त्याले काय करतो? गच्चीवर. वरून प्लॅस्टिक. आठ महिने कोणी पाहत नाही. तर मी या पोळ्याले वर जाणार, त्याचा टप धुणार, पंख्याले तेल घालणार, अन् ताटात त्याच्या...’ ते अडकले. मी काही बोलले नाही. ‘ताटात थंड पाणी वाढीन. दुसरं त्याले काय चालते?’

एक मिनिट एक्कावन सेकंद. मान्यवर कुठेच आले नव्हते.

यानंतरचे दोघे चांगले बोलले, सांगण्यासारखं विशेष नाही. वर्ध्याच्या मुलीला बोजाऱ्याचा प्रश्न मिळाला. तिने भाषण केलंच नाही, सरळ नाटक केलं. दारातल्या पोराशी भांडली, ‘अकरा रुपयांच्या खाली घेत नाही’ म्हणणाऱ्या त्या पोराचा आवाज काढला, आणि शेवटी बैलालाच विचारलं, ‘तुझं खातं कोणत्या बँकेत आहे रे?’ तिची मैत्रीण, ती ‘मले नका बोलावू’वाली, इतकी हसली की सभा संपल्यावर तिनेच सदस्यत्वाचा फॉर्म मागितला. ती पुन्हा येईल का, माहीत नाही. येऊन घाबरली तर फॉर्म काय करणार.

बडग्याचा प्रश्न इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला गेला. तो पुढे आला, ‘नमस्कार’ म्हणाला, आणि थांबला.

असं थांबणं बघवत नाही. मास्टरच्या जिभेवर लगेच मदत येते, ‘म्हणजे कॉलेजचं काही सांग, किंवा ट्रॅफिकचं, किंवा...’ ही मदत त्याच्या काही उपयोगाची नसते. तो आतल्या आत एक धागा शोधत असतो आणि बाहेरून आपण तीन नवे टाकतो. मी फक्त त्याच्याकडे पाहत राहिले, कारण त्याला बघायला एक तरी तोंड हवं होतं जे काळजीत नाही. टायमर काकू कार्डं हातात धरून बसल्या होत्या. मागे कुणीतरी खोकलं. मला एकच गोष्ट करता येत होती, प्रश्न पुन्हा, शब्दही न बदलता म्हणणं. मी तो म्हटला: ‘यंदा तुम्हाला एक बडग्या करायचा आहे. कशाचा करता, अन् मिरवणुकीत त्याच्या नावानं काय ओरडता?’

‘ओरडता’ला त्याने मान वर केली. आणि खरंच ओरडला, ‘बॅकलॉग घेऊन जा गे मारबत!’

खोलीने ‘घेऊन जा गे मारबत’ परत दिलं. मग त्याला थांबवणं कठीण. प्रत्येक वाक्यानंतर एकेक गोष्ट मारबतीच्या हवाली, मेसची पातळ डाळ, अटेंडन्सचं ॲप, रूममेटचा अलार्म, आणि दर वेळी सगळ्यांचा कोरस. एक मिनिट बारा सेकंदांत तो बसला. शास्त्र म्हणून पाहिलं तर भाषणाला शेंडा-बुडखा नव्हता, आणि टेबल टॉपिक्सचं मूल्यमापन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी ते नंतर सांगितलंही. त्यांचं बरोबर आहे. मुद्दा, कारण, उदाहरण, पुन्हा मुद्दा हा साचा शिकायला हवा, तो अडीअडचणीला हात देतो. पण ज्याचं तोंडच उघडत नाही त्याला साचा देऊन काय उपयोग, असं माझं मत. त्या आणि मी यावर एकमत होणार नाही.

शेवटचा प्रश्न मी धरमपेठेतल्या एका काकूंसाठी ठेवला होता. त्या वर्षभरापासून येतात आणि बोलायची वेळ आली की ‘पुढच्या वेळी’ म्हणतात. या वेळी चहाच्या आधी त्यांना हळूच विचारलं होतं, आणि त्या ‘बरं’ म्हणाल्या होत्या. प्रश्न साधा होता: ‘मारबत तुमच्या दारासमोर थांबली आहे. ती तुमच्या घरातली एकच गोष्ट नेते म्हणते. काय देता?’

काकू आल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, ‘वस्तू नाही देत. एक वाक्य देते. ‘तुले काय समजते?’’

हे वाक्य त्यांना पहिल्यांदा वडिलांनी ऐकवलं, दहावीनंतर विज्ञान शाखा घेते म्हटलं तेव्हा. मग सासरी, प्लॉटचा व्यवहार चालू असताना, आणि तो प्लॉट कसा बुडाला हे त्यांनी पैशांच्या आकड्यासकट सांगितलं. मग मुलाने, नवा मोबाइल हातात देताना. ‘वाक्य तेच, फक्त आवाज बदलले. आता नातू बोलायला लागला आहे. त्याच्या तोंडी यायच्या आधी ने गे माय.’ पिवळं कार्ड त्यांनी पाहिलं नाही, लालही पाहिलं नाही. टायमर काकूंचा हात लाल कार्ड धरून तसाच वर होता, आणि त्यांचं लक्षही कार्डाकडे नव्हतं. काही क्लबांत वेळ ओलांडली की टाळ्या वाजवून बसवतात. आमच्याकडे ती पद्धत नाही. असती तरी मी सुरुवात केली नसती.

मग अहवाल झाले. अ-काउंटरने सांगितलं की ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी, पण ‘ना’ अमाप. ‘होतं ना’, ‘गेलो ना’, ‘असं ना’. नागपुरात ‘ना’ मोजायचाच नाही, अशी एक सूचना मागून आली आणि ती नामंजूर झाली. टायमरने वेळा वाचल्या. काकू दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद, मतदानातून बाहेर. कूलरवाले काका ‘बेस्ट टेबल टॉपिक’ झाले. त्यांनी रिबन खिशात टाकली आणि सगळ्यांत आधी काकूंकडे जाऊन काहीतरी बोलले.

सभेनंतर आम्ही नेहमीप्रमाणे तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभे होतो, आणि तिथे वाद पेटला. इंजिनिअर भाऊंचं म्हणणं, अकरा सेकंदांसाठी इतकं बोलणं मतदानातून काढायचं म्हणजे नियमाचा बह्याडपणा आहे. वकील साहेब म्हणाले, नियम सोयीने वाकवला की तो नियम राहत नाही, आणि पुढच्या रविवारी कुणीतरी दहा मिनिटं बोलेल. डॉक्टर मॅडम पोह्यांवर आणखी तर्री घ्यायची की नाही या विचारात होत्या. मी वकील साहेबांच्या बाजूने होते. दोन मिनिटांत थांबता येणं हीच तर या खेळातली विद्या आहे, आणि काकूंना ती शिकवायची नाही असं आपण ठरवलं तर तेही ‘तुले काय समजते’च झालं. इंजिनिअर भाऊंना हे पटलं नाही. त्यांनी मला विचारलं, प्रश्नच असा जाळ्यासारखा काढला तर माणूस दोन मिनिटांत कसा निघेल? यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, तोंडात पोहे होते.

काकू थोड्या वेळाने आल्या. त्यांना आमचा वाद सांगितला. त्यांनी प्लेट हातात घेतली, वर चिवडा घालून मागितला आणि विचारलं, ‘ते कार्ड लाल होतं का? मले वाटलं, ती मले हात दाखवून राहिली.’